पेल्यावरचं नाव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची साठ पानं मिळाली. मोबाइलवर मला धड वाचवेना, म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घेतली, घरी येऊन दाभणानं भोकं पाडली, दोऱ्यानं शिवली आणि मग वाचायला बसलो. एकतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरमागे गेली माझी. सुटे कागद हातात असले की वाचल्यासारखंच वाटत नाही. दोनदा वाचली पानं. पहिल्या खेपेला रात्रीचा एक वाजला, दुसऱ्या खेपेला पेन्सिल घेऊन बसलो.

हात चांगला आहे तुझा. तुझा तो माणूस रविवारी धुवायला काही नसताना वॉशिंग मशिन लावतो आणि समोर स्टूल टाकून बसतो, घरात कुणीतरी वावरतंय असा आवाज यावा म्हणून. ते पान झालं आणि मी चष्मा काढून ठेवला. हिंजवडीचा तो चौदावा मजला मी कधी पाहिला नाही, आता पाहिल्यासारखा वाटतो. पण पानांबरोबर तू ज्या चार ओळी लिहून पाठवल्या होत्यास त्या काही मनातून जाईनात. ‘बाबा, ह्याला मी आईवडील दिलेले नाहीत. गाव नाही, आडनावसुद्धा नाही. नाती काढून घेतली की खाली जो माणूस उरतो तो मला बघायचाय.’

आठ दिवस झाले, मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय. फोनवर हे जमायचं नाही. तू ‘हो बाबा’ म्हणशील, मी ‘जेवलास का’ विचारीन आणि फोन ठेवून देईन. म्हणून लिहायला बसलो.

मला वाटतं बाळा, तसा माणूस खाली उरतच नाही. निदान कथाकादंबऱ्यांत तरी मला तो आजवर भेटलेला नाही, आणि कथाकादंबऱ्या सोडून मी दुसरं काही फारसं केलेलं नाही.

तू रॉबिन्सन क्रूसोचं नाव घेशील, म्हणून आधी त्याच्याकडेच जातो. 1719 साली आलेली ती कादंबरी. एकटा माणूस म्हटलं की अजूनही तोच डोळ्यांसमोर येतो. 28 वर्षं बेटावर काढली त्यानं, आणि त्यातली बहुतेक एकट्यानंच. लहानपणी वाचताना त्याची होडी, त्याच्या शेळ्या, वाळूतलं ते पाऊल एवढं लक्षात राहतं. माझ्या मनात घर केलंय ते त्याच्या पोपटानं. क्रूसो एक पोपट पकडतो आणि वर्षानुवर्षं खपून त्याला बोलायला शिकवतो. शिकवतो काय, तर स्वतःचं नाव. पुढे एकदा होडीतून बेटाभोवती फिरायला गेलेला असताना तो समुद्राच्या ओढीत सापडतो, कसाबसा किनाऱ्याला लागतो, चालून चालून गळून जातो आणि झोपतो. झोपेत त्याला हाक ऐकू येते. रॉबिन, रॉबिन क्रूसो, कुठे आहेस? कुठे होतास? घाबरून उठतो, बघतो तर कुंपणावर पोपट बसलेला. त्या बेटावर त्याच्यापाशी धान्य होतं, बंदूक होती, दारूगोळा होता. हाक मारणारं कुणी नव्हतं, तेवढं त्यानं स्वतःच्या हातानं तयार करून घेतलं. तुझं ते वॉशिंग मशिन ह्या पोपटाच्याच जातीचं आहे. तू म्हणतोस मी नाती काढून घेतली, आणि तुझाच हात ती मागल्या दारानं आत आणतोय. तो हात खरा आहे. त्या चार ओळी खऱ्या नाहीत.

आता पिपबद्दल मला जरा निवांत सांगायचंय. डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ 1860 च्या डिसेंबरपासून साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली आणि पुढच्या वर्षी पुरी झाली. मी ती डिक्शनरी मांडीवर घेऊन सहा महिने वाचत होतो. सुरुवातीलाच सात-एक वर्षांचा एक पोरका मुलगा दलदलीच्या काठी, कबरस्तानात उभा आहे. आईबापांना त्यानं पाहिलेलं नाही. फोटो नाही, कारण तेव्हा फोटोच नव्हते. त्याच्यापुढे आहे फक्त थडग्यांवर कोरलेली नावं. मग तो त्या अक्षरांवरून आईबापांचे चेहरे तयार करतो. बापाच्या नावाची अक्षरं अशी अशी आहेत, म्हणजे बाप ठेंगणा, रुंद, सावळा, कुरळ्या काळ्या केसांचा असणार. आईच्या नावाखाली ‘वरील इसमाची पत्नी’ अशा अर्थाची ओळ आहे, तिच्या वळणावरून तो ठरवतो की आईच्या तोंडावर वांग असणार आणि ती आजारी असणार. त्याचं स्वतःचं नावही असंच. बापाचं आडनाव आणि स्वतःचं नाव मिळून त्याच्या बोबड्या जिभेला जेवढं पेललं तेवढं ‘पिप’. पुढचं सगळं पुस्तक त्या ‘पिप’चं आहे.

हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास, आणि मला पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं होतं.

तुला आठवत नसेल. स्वयंपाकघरात खालच्या फळीवर तुझ्या आईच्या लग्नातली भांडी असायची. त्यात स्टीलचा एक पेला होता, मोठ्या मामांनी दिलेला. दुकानदारानं टिंबाटिंबांनी नाव घालून दिलेलं, कुणाला, कुणाकडून, तारीख. तू दुसऱ्या पेल्यानं पाणी प्यायचा नाहीस. आणि प्यायच्या आधी पेला आडवा धरून त्या टिंबांवरून बोट फिरवायचास, एकदा नव्हे, तीनतीनदा. तिच्या नावात शेवटचं अक्षर ळ. सगळी पोरं पाटीवर क गिरवून सुरुवात करतात, तुझ्या बोटाला आधी ळ कळला. एका रात्री अंथरुणात पेला घेऊन आलास आणि विचारलंस, ‘बाबा, आईचे केस असे गोल गोल होते?’

मी म्हटलं, ‘झोप आता.’

चोवीस वर्षं झाली त्याला. उत्तर आज देतो. तिचे केस सरळ होते, अगदी सरळ. तेल लावून घट्ट वेणी घातली तरी तास-दीड तासात सुटायची, इतके सरळ. पिपला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं अक्षरांतून आई काढली. तुझ्याजवळ सांगणारा होता. तो गप्प बसला.

शाळेत नाव घालतानाचं तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. फॉर्मवर ‘आईचे नाव’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘कै.’ आणि पुढे तिचं नाव. तू नुकता अक्षरं जुळवायला लागला होतास. माझ्या कोपराखालून वाचलंस आणि विचारलंस, ‘कै म्हणजे आईचं पहिलं नाव का?’ समोरच्या बाईंनी मान खाली घातली. मी ‘हं’ म्हटलं. पुढे कितीतरी दिवस तू कुणी विचारलं की तिचं नाव ‘कै’ लावून सांगायचास. पिपचंही असंच झालेलं आहे बघ. थडग्यावरचं ते ‘वरील’ वाचून त्याला वाटलं, बाबा वर स्वर्गात गेले, त्यांच्या मानासाठी लिहिलंय. दोन मुलं, दोन देश, मध्ये दीडशे वर्षं, आणि दोघंही मेलेल्या माणसाच्या नावालगतचा एक शब्द चुकीचा वाचताहेत. तो चुकीचा वाचलेला शब्दच त्यांची आई असतो काही काळ. आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर बापाच्या नावाआधी आईचं नाव लागतं. तुझ्या वेळी असतं तर ते नाव तुझ्या नावाला चिकटून रोज हजेरीत वाचलं गेलं असतं, माझ्या इच्छेवर राहिलं नसतं.

मेरी शेलीचं तुला ठाऊक असेल, नसेल तर ऐक. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट 1797 साली, हिला जन्म देऊन दहा-बारा दिवसांत गेली. नाव मागे ठेवून गेली, मुलगीही मेरीच. तिच्याबद्दल असं सांगतात की बाप तिला आईच्या थडग्यापाशी न्यायचा आणि तिथल्या अक्षरांवरून बोट फिरवत ती वाचायला शिकली. ही मुलगी पुढे अठरा-एकोणिसाव्या वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेते, 1818 ला ते पुस्तक येतं, आणि त्यात एक जीव असतो ज्याला त्याचा निर्माता डोळे उघडताक्षणीच टाकून पळून जातो. नावसुद्धा न ठेवता. लोक त्या जिवालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात आणि शिकलेली माणसं त्यांना हसतात, की अहो ते त्याला घडवणाऱ्याचं नाव. मला नाही हसू येत. टाकून दिलेल्या पोराला लोकांनी आपणहून बापाचं नाव लावलं, दोनशे वर्षं लावताहेत.

पण तुला लेखक म्हणून तिथलं एक ठिकाण दाखवायचंय. तो जीव एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि फटीतून त्या घरातल्यांना बघत बघत भाषा शिकतो. आग, दूध, भाकरी, लाकूड असे चार शब्द आधी. मग त्याच्या ध्यानात येतं की इथे एका माणसाला अनेक नावं आहेत. तरुणाला कुणी नावानं हाक मारतं, कुणी भाऊ म्हणतं, कुणी मुला म्हणतं. मुलीला कुणी नावानं, कुणी बहीण. म्हाताऱ्याला मात्र एकच, बाबा. आणि हे शिकल्यावर त्याला स्वतःबद्दलचा पहिला प्रश्न पडतो, की ह्यातलं मला काय म्हणतात? तोवर तो भुकेला होता, थंडीनं काकडत होता, पण एकटा नव्हता. एकटा तो त्या क्षणी होतो, जेव्हा बाबा हा शब्द त्याला कळतो. तुझ्या माणसाच्या आयुष्यात असा क्षण कुठे आहे? तू त्याला पहिल्या पानावरच एकटा करून ठेवलायस, आभाळातून पडल्यासारखा. एकटेपण माणसाला कधी कळलं, कुठल्या शब्दापाशी कळलं, ते पान तुझ्या हातून निसटलंय.

कर्णाचं तर तू लहानपणापासून ऐकत आलायस. आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली, ती 1967 ची. वाचनालयातली प्रत मी माझ्या काळात चारदा बाइंडिंगला दिली. बाइंडिंग सोडवलं की कळतं, वाचक कुठे थांबलेत ते. कडा मळतात, कोपरे मऊ पडतात. कुंती आणि कर्ण भेटतात ती पानं त्या प्रतीत कापडासारखी झाली होती. सावंतांनी एक गोष्ट फार विचारानं केली असं मला वाटतं. कर्णाची कथा त्यांनी एकट्या कर्णाच्या तोंडी दिली नाही. कुंती सांगते, वृषाली सांगते, दुर्योधन, शोण, शेवटी कृष्ण. ज्याला जवळजवळ आयुष्यभर आपण कोण हेच कळलं नाही, त्याची ओळख आई, बायको, मित्र, भाऊ असे मिळून तुकड्यातुकड्यानं सांगतात. त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. त्यातल्या कर्णावरच्या लेखाचं नावच आहे ‘मी कोण?’. बाईंनी त्याला कसलीही सूट दिलेली नाही, सावंतांनी त्याला जिवाशी धरलं. दोन्ही वाच. एका माणसाकडे दोन बाजूंनी कसं बघतात ते कळेल.

मी मात्र ह्या दोघांच्या मागे, मूळ महाभारताच्या उद्योगपर्वाशी जाऊन थांबतो. कर्ण गंगेच्या काठी पूर्वेकडे तोंड करून, हात वर करून जप करतोय. कुंती त्याच्या मागे येऊन उभी राहते. ऊन सोसवत नाही म्हणून ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. बघ हं, जिनं पोर पाण्यात सोडलं ती त्या पोराच्या अंगावरच्या वस्त्राची सावली घेते, तीही सूर्यापासून वाचायला. व्यासांनी तिथे तिला सुकत चाललेल्या कमळांच्या माळेची उपमा दिली आहे. ती ओळ मला आजही मोठ्यानं वाचता येत नाही. तुझ्या आईचं नाव कमळ.

हे नाव मी किती वर्षांनी लिहिलं, माझं मलाच सांगता येत नाही.

मग कर्ण जप संपवून वळतो, तिला बघतो आणि नमस्कार करतो. म्हणतो, ‘राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये.’ मी राधेचा मुलगा, अधिरथाचा मुलगा कर्ण, तुम्हाला वंदन करतो. त्याला तेव्हा सगळं माहीत आहे. कृष्णानं त्याआधीच रथात बसवून सांगून झालंय की तू कुंतीचा, थोरला पांडव, चल, राज्य तुझंच आहे. आणि त्यानं कृष्णाला काय सांगितलं? मला घरी आणलं तेव्हा माझ्यावरच्या मायेनं राधेला पान्हा फुटला. तिनं माझं हगणंमुतणं काढलं. अधिरथानं माझं नाव ठेवलं, वसुषेण. माझी लग्नं त्यांनी लावली. ती गाठ मी साऱ्या पृथ्वीसाठीही तोडणार नाही. म्हणजे समोर जन्मदाती उभी असताना तो नमस्कारातच आपलं नातं तिच्यापुढे मांडून ठेवतो. राधेय आधी, कर्ण शेवटी. स्वतःचं नाव त्यानं सगळ्यात शेवटी घेतलं. कुंती लगेच म्हणते, तू कौंतेय आहेस, राधेय नव्हेस. तो ऐकून घेतो, चार पांडवांचं जीवदान देतो, आणि युद्धाला राधेय म्हणूनच जातो.

नाती हे वरून घातलेले कपडे असतात आणि आत खरा माणूस असतो, हा तुझा समज. कर्णाच्या अंगावर जन्मतः कवच होतं. ते काढून द्यायचं म्हणजे अंग सोलून द्यावं लागलं.

आईविना वाढलेल्यांच्या गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या हेही आज सांगून टाकतो. ‘श्यामची आई’ तुला कधी वाचायला दिली नाही. वाचनालयात पोरं रांगेनं न्यायची ते पुस्तक, आणि मी आपल्या घरातली प्रत कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, शब्दकोशांमागे ठेवली होती. तू सहावीत असताना म्हणालास, वर्गातल्या सगळ्यांनी वाचलंय, तर मी म्हटलं, लहान मुलांचं आहे ते. खोटं बोललो. साने गुरुजींची आई 1917 साली गेली आणि त्यांनी ते पुस्तक 1933 ला नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सोळा वर्षं. ते पुस्तक ज्याची आई घरात आहे त्यानं लिहिलेलंच नाही. ज्याची नाही त्यानं, रात्री रात्री गोष्टी सांगून ती परत उभी केली. मला वाटायचं, तू वाचशील आणि रडशील. तुझ्या रडण्याला मी घाबरलो होतो की माझ्या, ते आता विचारू नकोस.

‘कोसला’ मात्र तू माझ्या नकळत वाचलीस, कॉलेजात. 1963 च्या त्या पुस्तकातलं ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ तुझ्या ह्या पानांतही ठिकठिकाणी दिसतं. हरकत नाही, सगळ्यांना ती बाधा होते. पण पांडुरंग सांगवीकर हा तुझ्या माणसासारखा मोकळा सुटलेला आहे असं समजून तू वाचलेलं दिसतंय. पुन्हा वाच, आणि मनीपाशी थांब. धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते. तिथे तो वगैरे-वगैरे म्हणणारा मुलगा कसा उघडा पडतो ते बघ. आधीचा सगळा तऱ्हेवाईकपणा, बापाशी असलेली ती तेढ, त्या पानांनंतर निराळी वाटायला लागते. पांडुरंगाला कुणाचं काही वाटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मनी वाचलीच नाही.

मी तुला तुझ्या माणसाला आईवडील दे असं सांगत नाहीये. नसू देत. पण नसलेली आई दे. ती कधीपासून नाही, तिचं काय मागे राहिलंय, तिच्याबद्दल त्याला कुणी काय चुकीचं सांगितलंय. तेविसाव्या पानावर मी पेन्सिलीनं उभी रेघ मारली आहे. तो बँकेच्या कस्टमर केअरला फोन करतो, कार्ड बंद झालंय म्हणून. ती मुलगी खातरजमेसाठी विचारते, ‘सर, आईचं नाव सांगाल?’ आणि तू तिथे परिच्छेद तोडलास. पुढचं वाक्य ‘कार्ड चालू झालं’. म्हणजे त्यानं उत्तर दिलं बाळा! काहीतरी नाव त्यानं उच्चारलं, अनोळखी मुलीजवळ, फोनवर. कुठलं? खातं उघडताना सुचेल ते लिहिलेलं? अनाथाश्रमातल्या बाईंचं? खरं? किती वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव बाहेर पडलं, आणि ते ऐकणारी म्हणाली, ‘धन्यवाद सर, माहिती बरोबर आहे.’ तुझी सगळी कादंबरी त्या फोनमध्ये आहे असं मला वाटतं, आणि तू तिथून पळालास. कुठून शिकलास ते पळणं, ते मी वर लिहिलंच आहे.

त्या ‘सर’वरून आठवलं. पिपला श्रीमंती येते, तो लंडनला जातो, आणि ज्यानं त्याला वाढवलं तो बहिणीचा नवरा जो, लोहार, त्याला भेटायला येतो. टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही, ठेवली तिथून ती सारखी पडते. आणि बोलता बोलता तो पिपला मधूनच सर म्हणतो, मधूनच पिप. आपल्याकडे कुणी अरेतुरेवरून अहोजाहोवर यावं तसं. पुढे पिप आजारी पडतो तेव्हा हाच जो येऊन त्याची सेवा करतो, तापात असेतोवर ‘पिप, गड्या’ म्हणतो, आणि जसजसा पिप बरा होतो तसतसं पुन्हा सर सुरू होतं. एका सकाळी न सांगता निघून जातो, पिपचं देणं फेडून. नातं कसं हातचं जातं हे डिकन्सनं एका हाकेत दाखवलं. हाच जो त्या पहिल्या भेटीत म्हणतो की आयुष्य म्हणजे कितीतरी ताटातुटी एकमेकींना सांधून केलेली वस्तू आहे. लोहार आहे, म्हणून त्याला सांधा दिसतो.

मी तुझी आई तुला सांगितली नाही, तिच्यातलं एकच आज सांगतो, बाकीचं तू गावी आलास की. रोज चार वाजता ती माझा चहा घेऊन वाचनालयात यायची आणि परत आलेली पुस्तकं चाळायची. वाचायला नव्हे. लोक खुणेला काय काय ठेवतात ते बघायला. एसटीची तिकिटं, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, लग्नपत्रिकेचा कोपरा, एकदा पिंपळाचं जाळी पडलेलं पान. ज्याचं ते परत द्यायचं म्हणून ती कागदावर वाचकाचं नाव लिहून त्यात गुंडाळून ठेवायची. बिस्किटांच्या डब्यात अजून आहेत, माळ्यावर. वीस-पंचवीस पुड्या. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मला ना टाकवल्या, ना परत करवल्या.

शेजारचे सर मुलीकडे पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पाच किलो घनसाळ पाठवतोय. तांदळाच्या पिशवीत मधोमध, वर्तमानपत्रात गुंडाळून पेला ठेवलाय. पिशवी ओतताना जपून. पेला तारेच्या घासणीनं घासू नकोस, साध्या फडक्यानं पूस. ‘चि. सौ. कां.’ आणि तारीख पार झिजली आहे, दिसत नाही. नाव अजून हाताला लागतं.

तुझा,
बाबा